मि.ली. म्हणजे डोस नव्हे: शिरेतून चालणाऱ्या औषधाचा वेग कसा काढावा आणि कसा पडताळावा

प्रश्न एका नवीन स्टाफ नर्सचा आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका) पूर्ण करून सहा महिने झाले असून सोलापुरातल्या एका पंधरा खाटांच्या रुग्णालयात त्या काम करतात. त्या लिहितात: "डॉक्टर 'नॉरअ‍ॅड पॉइंट वनने चालू करा' असे सांगून जातात. सीनिअर सिस्टर म्हणतात, 'साडेचारला लाव'. मी लावते, पण हे साडेचार कुठून आले ते मला कळत नाही. आमच्याकडे सिरिंज पंप दोनच आहेत, तिसरा रुग्ण आला की थेंबांवर चालवावे लागते. चूक होईल या भीतीने रात्रीच्या ड्यूटीला हात थरथरतात. हिशेब कसा करायचा, पंप नसेल तर काय करायचे, आणि डॉक्टरांनी सांगितलेला आकडाच चुकीचा वाटला तर त्यांना कसे विचारायचे?"

तुमच्या प्रश्नातले सर्वांत मोलाचे वाक्य 'साडेचार कुठून आले ते मला कळत नाही' हे आहे. मी सोलापुरातच चोवीस वर्षे अतिदक्षता विभागात काम केले आहे आणि अलीकडे काही वर्षे नवीन मुलींना हेच शिकवते, आणि माझा अनुभव असा आहे की ज्यांना हा प्रश्न पडत नाही त्यांच्याच हातून गंभीर चुका होतात. सिरिंज पंपाला, म्हणजे सिरिंजचा दांडा ठरावीक वेगाने ढकलणाऱ्या यंत्राला, फक्त 'तासाला किती मि.ली.' एवढेच कळते, रुग्णाच्या शरीरावर परिणाम करतात ते मायक्रोग्रॅम, आणि या दोहोंना जोडणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे त्या सिरिंजमधल्या एका मि.ली.त किती औषध आहे. हे माहीत नसताना लावलेला 'साडेचार' हा आकडा डोस नसतो. तोच साडेचार एका सिरिंजमध्ये बरोबर असेल, दुसऱ्या सिरिंजमध्ये दुप्पट असेल आणि तिसऱ्या सिरिंजमध्ये निम्मा असेल.

आता तुमचेच उदाहरण सोडवू. 'नॉरअ‍ॅड' म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, घसरलेला रक्तदाब वर आणणारे औषध. रुग्णाचे वजन ६० किलो धरा. 'पॉइंट वन' याचा अर्थ दर किलोला, दर मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. सगळ्यात आधी सिरिंजमध्ये काय आहे ते पाहा: नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या दोन अँप्युल, प्रत्येकीत २ मि.ग्रॅ. बेस (क्षार वगळून प्रत्यक्ष औषध), म्हणजे एकूण ४ मि.ग्रॅ., आणि ते ५ टक्के डेक्स्ट्रोज घालून एकूण ५० मि.ली. केलेले. चार मि.ग्रॅ. म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, त्याला ५० ने भागले की एका मि.ली.त ८० मायक्रोग्रॅम येतात. नंतर रुग्णाची गरज काढा: ०.१ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम. पंप तासाचा हिशेब मागतो, म्हणून ६ गुणिले ६०, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. आता ३६० भागिले ८०, उत्तर तासाला ४.५ मि.ली. तुमच्या सीनिअर सिस्टरांचे साडेचार इथून आले. रुग्ण ४५ किलोचा असता तर हाच आकडा ३.४ च्या जवळ आला असता, आणि सिरिंजमध्ये दोनऐवजी चार अँप्युल असत्या तर तो २.२५ झाला असता.

हिशेब संपला तरी काम संपत नाही, आणि माझ्या मते इथेच सर्वांत जास्त हलगर्जी होते. आलेले उत्तर पंपावर घालण्यापूर्वी उलट्या दिशेने चालत जा: तासाला साडेचार मि.ली., प्रत्येकात ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला ३६०, मिनिटाला ६, आणि साठ किलोने भागले की ०.१. सुरुवातीला दिलेल्या डोसवर परत येऊन पोहोचलात तरच आकडा खरा. सरळ हिशेब करताना झालेली चूक पुन्हा सरळच हिशेब केला तर बहुतेक वेळा तशीच पुन्हा होते, कारण डोळ्यांना ती ओळखीची झालेली असते. उलटा हिशेब वेगळ्या वाटेने जातो म्हणून ती उघडी पडते. याच्या जोडीला आकडा डोळ्यांना पटतो का हेही पाहा. पन्नास मि.ली.च्या सिरिंजमधले रक्तदाबाचे औषध तासाला सव्वादोनशे मि.ली.ने लावायचे असे उत्तर आले, तर ती सिरिंज साधारण तेरा मिनिटांत रिकामी होईल. असे उत्तर आले की हात थांबवायचा, कुठेतरी एकक चुकलेले आहे.

हे सव्वादोनशेचे उदाहरण मी हवेतून काढलेले नाही. हृदयाला जोर देणाऱ्या डोब्युटामिन आणि डोपामिन यांच्या बाबतीत 'पाचने चालू करा' याचा अर्थ दर किलोला दर मिनिटाला पाच मायक्रोग्रॅम असा असतो. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या बाबतीत मात्र काही डॉक्टर ०.१ अशी किलोवारी भाषा वापरतात, तर काही 'पाच मायक्रो' म्हणताना वजन न धरता नुसते मिनिटाला पाच मायक्रोग्रॅम अभिप्रेत धरतात. ऐकणाऱ्याने तिथे स्वतःच वजन घातले तर साठ किलोच्या रुग्णाला साठपट औषध जाईल, आणि वरच्याच सिरिंजवर वेग तासाला सव्वादोनशे मि.ली. येईल. म्हणून तोंडी आदेश घेताना 'दर किलोला का, सर?' एवढे चार शब्द विचारल्याशिवाय फोन ठेवू नका, आणि केसपेपरवर औषधाचा डोस लिहिताना किलो, मिनिट, तास हे सगळे पूर्ण लिहा.

अँप्युलवरची अक्षरे वाचण्याबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण आपल्याकडच्या बाजारात एकाच औषधाच्या वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या एकाच कपाटात शेजारी शेजारी असतात. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या लेबलवर कधी बायटार्ट्रेट या क्षाराचे वजन मोठ्या अक्षरात असते आणि त्यातल्या प्रत्यक्ष नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे, म्हणजे बेसचे, वजन खाली बारीक अक्षरात असते. क्षार ४ मि.ग्रॅ. म्हणजे बेस साधारण २ मि.ग्रॅ. एक अँप्युल 'चारची' आणि दुसरी 'दोनची' समजून कोणी हिशेब केला, तर एकच औषध असूनही डोस दुपटीने हलतो. तुमच्या विभागात बेस धरायचा की क्षार, हे एकदा डॉक्टरांकडून लेखी ठरवून घ्या आणि औषधाच्या ट्रॉलीवर चिकटवा. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची ५ मि.ली.ची व्हायल दोन प्रकारची मिळते, एकीत मि.ली.ला १००० युनिट म्हणजे एकूण ५०००, दुसरीत मि.ली.ला ५००० युनिट म्हणजे एकूण २५०००. आकाराने सारख्या, फरक पाचपट. फार्मसीने कंपनी बदलली की टोपणाचा रंगही बदलतो, त्यामुळे रंगावर विसंबून व्हायल उचलणे ही सवय आजच सोडा.

इन्सुलिनची गोष्ट त्याहून नाजूक आहे. आपल्याकडे मि.ली.ला ४० युनिटची व्हायल सर्रास वापरात आहे आणि १०० युनिटचीही आहे. इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचलेल्या, म्हणजे मधुमेही कीटोअ‍ॅसिडोसिसच्या रुग्णासाठी ५० युनिट इन्सुलिन ५० मि.ली. सलाईनमध्ये करायचे ठरले, तर ४० च्या व्हायलमधून १.२५ मि.ली. घ्यावे लागते आणि १०० च्या व्हायलमधून फक्त ०.५ मि.ली. लाल टोपीच्या ४० युनिटच्या सिरिंजने १०० च्या व्हायलमधून पन्नास खुणा भरून घेतल्या, तर प्रत्यक्षात १२५ युनिट जातात. पंपावर तासाला ५ मि.ली. दिसत राहते, चार्टवर तासाला ५ युनिट लिहिले जाते, आणि रुग्णाला मिळतात साडेबारा. पंप याबाबत कधीच आवाज करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळे सुरळीत चाललेले असते. तासातासाला रक्तशर्करा पाहणे हाच तिथला खरा पहारा. आणखी एक गोष्ट: इन्सुलिन प्लॅस्टिकच्या नळीला आतून चिकटते, म्हणून नवी नळी लावताना तयार मिश्रणातले सुमारे २० मि.ली. नळीतून सोडून द्यावे, नाही तर पहिल्या काही वेळात रुग्णाला अपेक्षेपेक्षा कमी इन्सुलिन मिळते आणि आपण डोस उगाच वाढवत नेतो.

डायल्यूट करताना '५० मि.ली.मध्ये घाला' आणि '५० मि.ली. करा' यांतला फरक लक्षात ठेवा. डोब्युटामिनची २० मि.ली.ची व्हायल असेल आणि त्यात २५० मि.ग्रॅ. औषध असेल, तर त्यात ३० मि.ली. सलाईन घातले की एकूण ५० होते आणि मि.ली.ला ५ मि.ग्रॅ. मिळते. त्याऐवजी ५० मि.ली. सलाईनमध्ये व्हायल ओतली तर एकूण ७० मि.ली. होते, मि.ली.ला साडेतीन मि.ग्रॅ.च्या आसपास येते, आणि रुग्णाला जवळजवळ तीस टक्के औषध कमी जाते. दोन मि.ली.च्या अँप्युलच्या बाबतीत हा फरक लहान असतो, म्हणून सवय बिघडते आणि मोठ्या व्हायलच्या वेळी ती घात करते.

आकडे लिहिण्याबद्दल एक सूचना, जी आपल्या भागासाठी विशेष आहे. आपल्यातल्या पुष्कळ मुली मराठी माध्यमातून आलेल्या असतात आणि घाईत चार्टवर मराठी आकडे लिहितात. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. ज्या विभागात केरळच्या सिस्टर, कानडी बोलणारे ब्रदर आणि पुण्याहून आलेले डॉक्टर एकच चार्ट वाचतात, तिथे औषधाच्या तक्त्यावर फक्त इंग्रजी आकडे असावेत, असा नियम मी माझ्या विभागात केला आहे. दशांश चिन्हाच्या आधी शून्य हवेच, नुसता 'पॉइंट पाच' लिहिला की तो टिंब झेरॉक्समध्ये हरवतो आणि पाच उरतो. आणि पूर्ण आकड्यापुढे 'पाच पॉइंट शून्य' लिहू नये, टिंब हरवले की ते पन्नास होते. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, त्याचे एकच अक्षर लिहिले की ते शून्यासारखे वाचले जाते. तोंडी आदेशात फिफ्टीन आणि फिफ्टी, तसेच मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, हे फोनवर सारखे ऐकू येतात. आकडा परत सांगताना अंक सुटे करून सांगा: 'एक-पाच, पंधरा'.

वजन हा हिशेबाचा पाया आहे आणि तोच बहुधा अंदाजाने घातलेला असतो. नातेवाईक 'साठ-पासष्ट असेल' म्हणतात आणि आपण साठ लिहितो. मोठ्या माणसाला उठवता येत नसेल तर अलीकडच्या ओपीडीच्या कागदावरचे वजन पाहा, आणि अंदाजच असेल तर तो अंदाज आहे असे चार्टवर लिहा. लहान मुलाचे वजन मात्र मोजलेलेच हवे. मूल शांत राहत नसेल तर आईला मुलासह काट्यावर उभे करून नंतर एकट्या आईचे वजन वजा करा.

मुलांच्या बाबतीत सिरिंज किती पातळ करायची हाही वेगळा विचार करावा लागतो. सांगोला, मंगळवेढ्याकडून विंचू चावलेली मुले येतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिन हे विंचवाच्या विषाचा परिणाम रोखणारे औषध लवकर दिले जाऊ लागले आणि फार बिघडलेली मुले पूर्वीपेक्षा कमी दिसतात, तरी फुप्फुसात पाणी भरलेले मूल आले तर डोब्युटामिन लागते. बारा किलोच्या मुलाला दर किलोला मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम म्हणजे मिनिटाला ६०, तासाला ३६०० मायक्रोग्रॅम. मोठ्यांसाठी केलेल्या, मि.ली.ला ५ मि.ग्रॅ.च्या सिरिंजने हे तासाला ०.७२ मि.ली. येते. इतक्या कमी वेगात पंप सुरू झाल्यावर औषध पोहोचायला फार वेळ लागतो आणि ०.७ चे चुकून ७ झाले तर मूल दगावू शकते. त्याऐवजी २५० मि.ग्रॅ.च्या ५ मि.ली. अँप्युलमधून १ मि.ली. म्हणजे ५० मि.ग्रॅ. घेऊन एकूण ५० मि.ली. केले, की मि.ली.ला १ मि.ग्रॅ. येते आणि वेग ३.६ मि.ली. होतो. हा आकडा पंपालाही झेपतो आणि डोळ्यांनाही तपासता येतो. अर्थात असे पातळ मिश्रण करताना मुलाला तासाला एकूण किती पाणी जाते आहे, तेही मोजावे लागते.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेबलबद्दल बोलणे मला योग्य वाटत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या रुग्णालयात होते, तिथे दुपारच्या ड्यूटीने नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची सिरिंज दुप्पट ताकदीची केली होती आणि तिच्यावर पट्टी लावून फक्त औषधाचे नाव लिहिले होते. हँडओव्हरमध्ये मला 'पाचवर चालू आहे' एवढे सांगण्यात आले. रात्री दहाच्या सुमारास सिरिंज संपत आली, मी नेहमीच्या ताकदीची नवी सिरिंज करून पाचवरच लावली, आणि दहा मिनिटांत रुग्णाचा वरचा दाब एकशेदहावरून सत्तरवर आला. मला वाटले रुग्ण बिघडला. डॉक्टर आले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'जुन्या सिरिंजमध्ये किती अँप्युल होत्या?' आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. रुग्ण सावरला. पण ती पट्टी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तेव्हापासून माझ्या सिरिंजवर औषधाचे नाव, एकूण मि.ग्रॅ., एकूण मि.ली., एका मि.ली.त किती, रुग्णाचे नाव, तारीख-वेळ आणि कोणी केले-कोणी तपासले, इतके सगळे असल्याशिवाय ती पंपात बसत नाही. हँडओव्हरही मि.ली.त घेत नाही आणि देत नाही, मायक्रोग्रॅममध्ये देते.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी वजनाच्या तिप्पट मि.ग्रॅ. औषध ५० मि.ली.त करण्याची रीत आहे, म्हणजे तासाला १ मि.ली. बरोबर दर किलोला मिनिटाला १ मायक्रोग्रॅम होते. गणित सोपे होते हे खरे, पण प्रत्येक रुग्णाची सिरिंज वेगळ्या ताकदीची होते आणि शेजारच्या खाटेची सिरिंज चुकून इकडे लागली तर ओळखू येत नाही. मी या रीतीच्या बाजूची नाही. प्रत्येक औषधाची एकच ठरावीक ताकद संपूर्ण विभागात असावी आणि वजनानुसार वेगाचा तक्ता भिंतीवर असावा. आपल्या शहरात अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरकडून, तसेच इंडी आणि विजयपूरकडूनही रुग्ण पाठवले जातात. रुग्णवाहिकेतून चालू पंपासह रुग्ण उतरला आणि कागदावर फक्त 'नॉरअ‍ॅड ५ मि.ली.' असे असेल, तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून ताकद विचारा, तोवर चालू सिरिंज बंद करू नका, रक्तदाबावर लक्ष ठेवा आणि आपल्या ताकदीची सिरिंज शेजारी तयार ठेवा. ताकद कळली की जुन्या सिरिंजचा डोस मायक्रोग्रॅममध्ये काढून नवी त्याच डोसला लावा.

पंपाच्या काही सवयी माहीत असल्या पाहिजेत. सिरिंज पंप दांडा किती पुढे ढकलायचा हे सिरिंजच्या व्यासावरून ठरवतो, म्हणून पडद्यावर निवडलेली कंपनी आणि आकार प्रत्यक्ष सिरिंजशी जुळला नाही तर पडद्यावरचा वेग खोटा असतो. पंप रुग्णाच्या छातीच्या पातळीला ठेवा. उंच ठेवला आणि दांडा नीट अडकलेला नसेल तर औषध आपोआप खाली ओढले जाते. नळी दाबली जाऊन अडथळ्याचा अलार्म वाजला तर लगेच गाठ सोडवू नका. आत दाब साचलेला असतो आणि गाठ सुटताच साठलेले औषध एकदम शिरेत जाते. आधी रुग्णाकडचा थ्री-वे (नळीवरची तीन तोंडांची तोटी) बंद करा, दाब बाहेर सोडा, मग अडथळा काढा.

नळीत अडकून राहिलेले औषध ही गोष्ट कोणी शिकवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. समजा सिरिंजपासून रुग्णापर्यंत जाणाऱ्या एक्स्टेन्शनच्या नळीत दीड मि.ली. मावते आणि पंप तासाला एक मि.ली.ने चालला आहे. नळी आधी औषधाने भरून घेतली नसेल तर पहिला थेंब रुग्णापर्यंत पोहोचायला दीड तास लागेल, आणि या दीड तासात 'औषध लागू पडत नाही' म्हणून आपण वेग वाढवत राहू. उलट बाजूने, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बंद केल्यावर त्याच नळीतून प्रतिजैविक दिले किंवा सलाईनने ती साफ केली, तर नळीत उरलेले दीड मि.ली., म्हणजे आपल्या उदाहरणात १२० मायक्रोग्रॅम, काही सेकंदांत आत जाईल. मिनिटाला ६ मायक्रोग्रॅमवर असलेल्या रुग्णाला वीस मिनिटांचे औषध एका दमात. म्हणून रक्तदाबाच्या औषधाची नळी स्वतंत्र हवी, त्यातून दुसरे काही देऊ नये, आणि बंद करताना नळीतले औषध मागे ओढून मगच साफ करावी. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, त्यामुळे सिरिंज संपण्याच्या पुरेशा आधी दुसरी भरून तयार हवी, शक्य असेल तर दुसऱ्या पंपावर.

आता पंप नसतानाचे. थेंबांचा हिशेब असा: एकूण मि.ली. गुणिले सेटचे थेंब (सलाईनची ती नळी एका मि.ली.ला किती थेंब पाडते तो आकडा), भागिले मिनिटे. सेटचे थेंब पाकिटावर छापलेले असतात. आपल्याकडचा साधा सेट बहुधा मि.ली.ला २० थेंबांचा आणि मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, पण पाकीट वाचून मगच फेका. यातून दोन सोयी निघतात. मायक्रो सेटमध्ये मिनिटाचे थेंब आणि तासाचे मि.ली. हा आकडा एकच असतो. वीस थेंबांच्या सेटमध्ये तासाच्या मि.ली.ला तीनने भागले की मिनिटाचे थेंब मिळतात. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचे तर तासाला १२५ मि.ली., म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. थेंब पूर्ण मिनिटभर मोजा, घड्याळ चेंबरच्या शेजारी धरा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण रुग्णाने कोपर वाकवला, खाटेचे डोके वर केले किंवा स्टँड हलवला की वेग बदलतो. बाटलीवर प्लॅस्टरची उभी पट्टी लावून तिच्यावर दर तासाची पातळी आणि वेळ लिहून ठेवा. मे महिन्यात उन्हाने बेजार झालेले पाच-सहा रुग्ण एकदम आले आणि प्रत्येकाजवळ उभे राहून थेंब मोजणे शक्य नसले, की ही पट्टीच दारातून दिसते.

साप चावलेल्या रुग्णाला प्रतिविष (अँटिव्हेनम) देताना थेंब मोजणे चालत नाही. समजा दहा व्हायलचे मिश्रण एकूण ५०० मि.ली. आहे आणि ते एका तासात द्यायचे आहे, तर मिनिटाला १६७ थेंब येतात, आणि इतके थेंब डोळ्यांना मोजता येत नाहीत. तिथे दर पंधरा मिनिटांना १२५ मि.ली. उतरले का ते पट्टीवर पाहायचे, आणि सुरुवातीला खाटेपासून हलायचे नाही, कारण अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया येते ती बहुधा सुरुवातीलाच. अ‍ॅड्रेनॅलिन भरून शेजारी हवे.

डायल फ्लोवर (नळीवरच्या वेग ठरवायच्या चकतीवर) छापलेले मि.ली.चे आकडे एका ठरावीक उंचीसाठी असतात, बाटली खाली-वर झाली की ते खरे राहत नाहीत. तो लावला तरी थेंब मोजावेच लागतात. मुलांना सलाईन देताना मोजमापाची बुरेट असलेला मायक्रो सेट वापरा आणि बुरेटमध्ये एक-दोन तासांपुरतेच पाणी भरून वरचा चिमटा बंद करा. दहा किलोच्या मुलाला तासाला ४० मि.ली. द्यायचे असेल तर बुरेटमध्ये ८० पेक्षा जास्त असता कामा नये, म्हणजे चिमटा निसटला तरी पूर्ण बाटली आत जाणार नाही.

पोटॅशियम क्लोराइड मी वेगळे काढून सांगते. दहा मि.ली.च्या १५ टक्क्यांच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजण्याचे एकक) असतात. ते थेट शिरेत सोडले तर हृदय थांबते. हाताच्या शिरेतून सर्वसाधारणपणे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर जाऊ नये. त्याहून जास्त द्यायचे असेल तर मॉनिटर, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि डॉक्टरांचा स्पष्ट लेखी आदेश हवा. एक अँप्युल ५०० मि.ली. सलाईनमध्ये घालून चार तासांत दिली तर तासाला ५ मिलिइक्विव्हॅलंट जातात आणि वीसच्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब पडतात. पण लटकलेल्या चालू बाटलीत सुईने पोटॅशियम घालू नका. ते जड असल्याने तळाशी तोंडापाशीच साचते आणि पहिल्याच काही मि.ली.त बहुतेक सगळे रुग्णात जाते. बाटली खाली उतरवा, चिमटा बंद करा, औषध घाला, दहा वेळा उलटीपालटी करा, लेबल लावा, मग टांगा. हे पंपाशिवाय देताना लघवी होते आहे ना, याची खात्री आधी करून घ्या.

तुमच्याकडे दोनच पंप आहेत, तेव्हा कोणते औषध पंपावर जावे हे आधीच ठरवून ठेवा. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, अ‍ॅड्रेनॅलिन, नायट्रोग्लिसरीन, इन्सुलिन, हेपॅरिन यांचा हक्क पहिला. प्रतिजैविके आणि साधी सलाईन थेंबांवर चालू शकतात. तिसरा रुग्ण आला आणि त्यालाही रक्तदाबाचे औषध लागले, तर मायक्रो सेटवर ते चालवणे हा मार्ग फक्त रुग्ण हलवेपर्यंतचा आहे, आणि त्या वेळात एक माणूस त्याच खाटेपाशी बसलेला हवा. पंप वाढवून मागण्याचा अर्ज तुमच्या मॅनेजमेंटला लेखी द्या, त्यात किती वेळा असा प्रसंग आला त्या तारखा घाला. वीज गेल्यावर पंप बॅटरीवर किती वेळ चालतो, हेही दिवसा एकदा प्लग काढून पाहून ठेवा.

दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळणी म्हणजे आपला कागद तिच्यापुढे धरून 'बरोबर आहे ना?' विचारणे नव्हे. तसे विचारले की समोरची मान हलवते. तिला आदेश, वजन आणि अँप्युल द्या, उत्तर सांगू नका, आणि तिचा आकडा तुमच्या आकड्याशी जुळतो का ते पाहा. रात्री एकट्याच असाल तर उलटा हिशेब कागदावर लिहून काढा, तोंडी नको, आणि आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) आकडा वाचून दाखवा. मोबाइलवरचे अ‍ॅप वापरायला माझी हरकत नाही, पण त्यात घातलेली ताकद आणि तुमच्या हातातली अँप्युल एकच आहे हे अ‍ॅपला कळत नाही. म्हणून आधी हाताने, मग अ‍ॅपने.

डॉक्टरांना कसे विचारायचे, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी मनापासून उत्तर देते, कारण पहिली काही वर्षे मीही गप्प राहत असे. 'सर, हे चूक वाटतंय' असे म्हटले की समोरच्याला ते स्वतःवर घेतल्यासारखे वाटते आणि गोष्ट तिथेच बिघडते. त्याऐवजी तुमचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा: 'सर, साठ किलो धरून, दोन अँप्युल पन्नासमध्ये, तुमच्या डोसला माझ्याकडे तासाला सव्वादोनशे मि.ली. येतंय. डोस दर किलोला धरू की नुसता मिनिटाला?' असा प्रश्न विचारला तर बहुतेक डॉक्टर थांबून पुन्हा पाहतात, आणि कित्येकदा आभारही मानतात. उत्तर मिळूनही आकडा पटला नाही, तर औषध लावण्याआधी सीनिअर सिस्टर आणि दुसरे डॉक्टर यांना फोन करा, आणि नर्सेस नोट्समध्ये वेळ घालून लिहा: कोणता आदेश मिळाला, तुम्ही काय विचारले, काय उत्तर मिळाले, आणि त्या वेळी रुग्णाचा दाब व नाडी किती होती.

उद्याच्या ड्यूटीला जाताना तुमच्या विभागातली नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची अँप्युल हातात घ्या, तिच्यावरचे बारीक अक्षर वाचा, आणि ४५, ५०, ५५, ६०, ६५, ७० किलोसाठी ०.०५ पासून ०.५ पर्यंतचा तक्ता स्वतःच्या हाताने करा. तुमच्या डॉक्टरांची त्यावर सही घ्या आणि पंपाच्या वर चिकटवा.